हजेरीपटावरची किल्ली

वसुबारस होती. दौंडहून चौफुला, न्हावरे करीत आम्ही चौघे शिरूरला गेलो होतो. शिरूर ही माझी सासुरवाडी. फराळाचे डबे पोचवायचे, मुलांना कपडे घ्यायचे, सासूबाईंच्या हातची बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी खायची आणि दिवेलागणीच्या आत निघायचे, असा साधा बेत. मोटार आमची स्वतःची. म्हणजे सहा महिन्यांपूर्वी दौंडच्याच एका निवृत्त रेल्वेवाल्या गृहस्थांकडून घेतलेली जुनी. व्यवहाराच्या वेळी त्यांनी एकच किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि "दुसरी घरात कुठंतरी असेल, सापडली की देतो," असे म्हणाले. मीही मान डोलावली. जुन्या वस्तूबरोबर थोडीफार सबब पदरात घ्यावीच लागते.

बाजार उरकून, पिशव्या सावरीत मोटारीपाशी आलो, खिशात हात घातला, तो किल्ली नाही! मग जे होते ते सगळे झाले. कापडदुकान, मंडई, पणत्यांची हातगाडी, पुन्हा कापडदुकान. मुलांनी रस्ता वाकून वाकून पाहिला. सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत, यावरून प्रसंगाचे गांभीर्य ओळखावे. शेवटी कोणीतरी एका म्हाताऱ्या किल्लीवाल्याला घेऊन आले. त्याने कोरी किल्ली कुलपात घालून फिरवली, बाहेर काढली, तिच्यावर उमटलेले बारीक डाग उन्हाकडे धरून पाहिले आणि कानस चालवली. असे दहा-बारा वेळा केले. अर्ध्या तासात दार उघडले! आम्ही टाळ्याच वाजवल्या. किल्ली आत लावली, स्टेअरिंग मोकळे झाले, सेल मारला. इंजिन एकदा अंग झाडून गप्प झाले. समोरच्या काचेआड एक लहानसा तांबडा दिवा तेवढा मिचमिचत राहिला.

म्हाताऱ्याने कानस फडक्यात गुंडाळली आणि म्हणाला, "दारानं माझं ऐकलं, गुरुजी. पण गाडी तुम्हाला ओळखत नाही. हिच्या किल्लीच्या डोक्यात चिप असते. ते काम करणारा पोरगा दौंडला आहे."

गाडी तुम्हाला ओळखत नाही! त्या रात्री सासुरवाडीच्या ओसरीवर झोप येईना, तेव्हा हेच वाक्य मनात घोळत होते. किल्लीचा आणि ओळखीचा संबंध काय? आजवर किल्ली जिच्या हाती तिचे घर, एवढेच आम्हाला ठाऊक. माझ्या आईच्या कमरेला जुडगा असे. त्यातली कोठीची किल्ली ज्या दिवशी तिने सुनेच्या हाती दिली, त्या दिवशी घरातले राज्य बदलले. त्यासाठी कागद करावा लागला नाही. मुंबईत लालबागला आर्देशिर गोदरेज यांनी १८९७ साली कुलपांचा कारखाना काढला, त्या कुलपांनीही विचारले ते एवढेच, की दात जुळतात का? हात कोणाचा, हे विचारणे कुलपाचे काम नव्हते.

पण जिथे घरापेक्षा मोठी गोष्ट राखायची असते, तिथे नुसत्या धातूच्या दातांवर भिस्त ठेवलेली दिसत नाही. शिवछत्रपतींच्या गडांची व्यवस्था पाहा. दरवाजांच्या किल्ल्या हवालदाराकडे; सायंकाळी दरवाजे लावायचे, सकाळी उघडायचे, ही त्याची जबाबदारी. परंतु गडावर हवालदार एकटा नसे. त्याच्या बरोबरीने सरनौबत आणि सबनीस असत. एकाच्या मनात पाप आले तरी गड जाऊ नये, अशी ती तजवीज. आणि रात्री पहाऱ्यावर जो उभा असे, त्याला हवा असे परवलीचा शब्द.

पुढे आमच्या या शिरूरला इंग्रजांची छावणी पडली. १८१७ सालच्या शेवटच्या रात्री कॅप्टन स्टाँटन कोरेगावकडे निघाला तो येथूनच. अशा छावण्यांतले देशी पहारेकरी अंधारात पाऊल वाजले की "हुकुमदर!" म्हणून ओरडत. ही मूळची इंग्रजी आरोळी, 'हू कम्स देअर', म्हणजे 'कोण येतो?'. आपल्या शिपायांनी ती मोडून आपली केली. कोण येतो, आणि त्याला आजचा शब्द ठाऊक आहे का, या दोन प्रश्नांत पहाऱ्याचे सगळे शास्त्र आले.

आता दौंडकडे वळू. रेल्वेच्या वसाहतीत वाढलेल्या माणसाला 'टोकन' म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. दौंड-मनमाड फाटा १८७८ साली सुरू झाला, तो एकेरी रुळांचा. एकेरी रुळांवर समोरासमोर दोन गाड्या आल्या तर काय अनर्थ होतो, हे इंग्लंडात नॉरिचजवळ थॉर्प येथे १८७४ साली दिसले होते. तारेवरच्या निरोपाचा घोटाळा झाला आणि पंचवीस माणसे प्राणाला मुकली. तेव्हा एडवर्ड टायर या इंजिनिअराने एक युक्ती काढली. दोन स्थानकांवर दोन पेट्या. त्या विजेच्या तारेने जोडलेल्या. दोहोंत मिळून एका वेळी एकच चकती बाहेर निघेल अशी योजना. चकती हाती नसेल तर ड्रायव्हरने गाडी हलवायची नाही. तिचे पेटंट १८७८ सालचेच! पुढे आपल्याकडे चकतीच्या जागी पोलादी गोळाही आला. इंजिन तयार आहे, वाफ आहे, ड्रायव्हर आहे. परंतु दुसऱ्या ठिकाणच्या यंत्राची संमती हातात पडेपर्यंत गाडी जागची हलायची नाही. माझ्या मोटारीचा तांबडा दिवा हेच तर सांगत होता.

मोटारगाडीला मात्र या शहाणपणापर्यंत यायला फार वर्षे लागली. आरंभीची मोटार पुढून हँडल फिरवून चालू करीत. ते हँडल उलटे बसले की मनगट मोडे. तेव्हा चोरीची भीती कमी आणि मोडलेल्या हाताची अधिक. १९१२ साली अमेरिकेत कॅडिलॅक मोटारीला विजेचा सेल आला आणि मोटार सुरू करणे सर्वांना साधले. सर्वांना म्हणजे चोरालाही! पुढे किल्ली आली ती विजेचे एक बटण म्हणून. कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यातून निघालेली फियाट, तीच पुढे पद्मिनी म्हणून ओळखली जाऊ लागलेली, ज्यांच्या घरी होती त्यांना मी काय सांगावे? किल्ली झिजून गुळगुळीत झाली तरी मालकाचे अडत नसे. आणि दोन तारा ओढून एकमेकींना लावता आल्या, की ज्याच्याकडे किल्ली नाही त्याचेही अडत नसे.

यावर पहिला नामी उपाय अमेरिकेत जनरल मोटर्सने १९८६ साली शेव्हरोले कॉर्व्हेट गाडीत केला. किल्लीच्या पात्यात एक काळा खडा बसवला. त्या खड्यातून वीज किती अडते ते मोटार मोजणार आणि माप जुळले तरच इंजिन चालू देणार. मापे पंधरा प्रकारची. चुकीची किल्ली लावली, की काही मिनिटे थांबायची शिक्षा. यात एक मार्मिक विचार आहे. मालक कधी थांबू शकतो. चोराला थांबणे परवडत नाही.

पण खरी किल्ली बदलली ती गुरांमुळे! हे वाचून हसू येईल, पण गोष्ट खरी आहे. गाईला दूरवरून ओळखता यावे म्हणून युरोपात, विशेषतः हॉलंडात, गोठ्यातल्या जनावरांसाठी एक विजेची खूण तयार झाली होती. काचेची बारीक नळी, तीत तारेचे वेटोळे आणि एक चिप. बॅटरी नाही. वाचणारे यंत्र जवळ आणले की त्याच्या चुंबकीय लहरींतून उसनी शक्ती घेऊन ही चिप क्षणभर जागी होते, आपला क्रमांक सांगते आणि पुन्हा निजते. तीच नळी १९९० नंतरच्या वर्षांत मोटारीच्या किल्लीच्या डोक्यात जाऊन बसली. कुलपाभोवती तारेचे कडे आले. तुम्ही किल्ली फिरवता, कडे विचारते, "कोण येतो?" चिप उत्तर देते. उत्तर पटले, तर मोटारीतला संगणक पेट्रोल सोडतो, ठिणगी पाडतो. नाही पटले, तर अंग झाडून गप्प! या पहारेकऱ्याचे नाव इमोबिलायझर. आमच्याकडे वसुबारसेला गाय पुजतात. त्याच दिवशी गाईच्या खुणेमुळे माझी मोटार अडून बसावी, हाही योगच.

प्रथमची चिप दर वेळी एकच क्रमांक सांगे. म्हणजे परवलीचा शब्द रोज तोच. झुडुपाआड बसून कोणी तो ऐकला, की पहारा फुकट. म्हणून पुढच्या पिढीच्या चिपा हिशेब करू लागल्या. मोटार दर वेळी एक नवाच आकडा फेकते. त्या आकड्यावर आपल्या पोटातल्या गुपिताने गणित करून चिप उत्तर देते. मोटारही तेच गणित करते आणि दोन्ही उत्तरे ताडून पाहते. उत्तर ऐकून उपयोग नाही, कारण उद्याचा प्रश्न निराळा असणार.

हा पहारा युरोपात १९९८ साली नव्या मोटारींना सक्तीचा झाला. ऑस्ट्रेलियात २००१ साली, कॅनडात २००७ साली. हॉलंडातल्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी हिशेब मांडला, तेव्हा १९९५ ते २००८ या काळात तिथली मोटारींची चोरी या यंत्रामुळे सरासरी चाळीस टक्क्यांनी घटली असे निघाले. उलट पुरावाही आहे. अमेरिकेत २०१५ सालच्या इतर कंपन्यांच्या शंभरांतल्या शहाण्णव गाड्यांच्या प्रकारांना हा पहारा कारखान्यातूनच होता. ह्युंदाई आणि किया यांच्या शंभरांतल्या सव्वीसच प्रकारांना. ही गोष्ट उनाड पोरांना कळायला काही वर्षे लागली, पण २०२२ सालापर्यंत तिथल्या गावोगावी याच दोन नावांच्या मोटारी पळवल्या जाऊ लागल्या.

या साऱ्या इतिहासातले मला सर्वांत आवडलेले प्रकरण फियाटचे, आणि ते थोडे आपल्या अंगणातले आहे. रांजणगावचा महागणपती शिरूर तालुक्यातला, अष्टविनायकांपैकी. त्याच रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत फियाटचा कारखाना उभा आहे. २००९ साली लिनिया गाडी तिथून निघाली. फियाट नावाच्या नव्या मोटारी आता आपल्याकडे मिळत नाहीत, परंतु २०१७ पासून जीप कंपास त्याच कारखान्यात होऊ लागली. या फियाटने १९९० नंतरच्या दशकात आपल्या युरोपातल्या मोटारींबरोबर एक तांबड्या डोक्याची किल्ली द्यायला सुरुवात केली होती. ती रोज वापरायची नाही. ती गुरुकिल्ली! नव्या किल्लीची मोटारीशी ओळख करून द्यायची, एवढेच तिचे काम. सोबत एक पत्र्यासारखे कार्ड. त्यावर पाच आकडे. किल्लीची चिप बिघडली तर अ‍ॅक्सिलरेटर दाबून, समोरचा दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजत, एकेक आकडा पायाने मोटारीला सांगायचा. पहिलीच्या मुलाला अंक शिकवावेत तसे. आणि ती तांबडी किल्लीच हरवली तर? नवी किल्ली शिकवणारे कोणी उरले नाही. मग इंजिनाचा संगणकच बदलण्याची पाळी येई. गुरू गेला की विद्या गेली, असा प्रकार. पुढे ही पद्धत सुटली आणि शिकवण्याचा अधिकार किल्लीकडून निघून यंत्रवाल्याच्या गुप्त आकड्याकडे गेला.

म्हणजे माणसाकडे गेला; आणि इथेच माझी गोष्ट पुढे सुरू होते.

त्याच दिवशी सायंकाळी दौंडचा तो 'पोरगा' मोटरसायकलवर पेटी बांधून आला होता. पाहतो तो माझाच विद्यार्थी! वडिलांची स्टेशनाजवळ किल्ल्यांची टपरी होती, सातवीत असताना तो त्यांना हात द्यायला जाई आणि मी पटावर त्याच्या नावापुढे गैरहजेरी मांडीत असे. त्याने वाकून नमस्कार केला, चहा घेतला आणि म्हणाला, "गुरुजी, आरसी बुक दाखवा."

मी फोनमधले चित्र दाखवले. त्याने ते दोनदा पाहिले. "यावर नाव दुसऱ्याचं आहे."

नाव जुन्या मालकांचेच होते. मोटार वाहन कायदा १९८८ सालचा. गाडी घेतल्यावर तीस दिवसांत कळवून ती नावावर करून घ्यावी, असे त्यात स्पष्ट आहे. मी सहा महिने 'सुट्टीत करू' म्हणत काढले होते. मुलांना गृहपाठ वेळेवर करायला सांगणारा मी!

सौभाग्यवतींना राहवेना. "अरे, हे तुझे गुरुजी ना? तू यांना ओळखत नाहीस?"

"ओळखतो, काकू. म्हणूनच अवघड आहे." तो खाली पाहत म्हणाला, "आज ओळखीवर किल्ली केली, तर उद्या जो तो ओळख सांगत येईल. चोर काय नेहमी अनोळखीच असतो?"

आणि त्याने पेटी उघडलीच नाही. मला राग आला, हे कबूल करतो. दिवसभरात आधी मोटारीने ओळख नाकारली, आता विद्यार्थ्याने. म्हणून तर ती रात्र ओसरीवर जागून काढली.

त्या रात्री आठवला तो १८५१ सालचा लंडनमधला प्रसंग. जोसेफ ब्रामाच्या दुकानाच्या खिडकीत १७९० पासून एक कुलूप मांडलेले होते. हे उघडील त्याला दोनशे गिनी, अशी पाटी. साठ वर्षे कोणी उघडले नाही. त्या वर्षीच्या जागतिक प्रदर्शनाला अमेरिकेहून हॉब्ज नावाचा कुलूपवाला आला. त्याने प्रथम चबचे नामांकित कुलूप पंचवीस मिनिटांत उघडले आणि मग ब्रामाचे, सोळा दिवसांत मिळून एकावन्न तास खपून. लोक संतापले. अशी गुपिते फोडल्याने चोरांचे फावेल, असा गिल्ला झाला. हॉब्जचे म्हणणे असे, की चोर आपल्या धंद्यात आपल्याहून हुशार असतात. त्यांना हे आधीच ठाऊक आहे. अंधारात आहे तो कुलूप विकत घेणारा गृहस्थ.

हा वाद जुना होऊन संपला असे कोणी समजू नये. मोटारींच्या किल्ल्यांत वापरल्या जाणाऱ्या मेगामॉस नावाच्या चिपेतील दोष काही संशोधकांनी शोधला, तेव्हा २०१३ साली फोक्सवॅगन कंपनीने लंडनच्या न्यायालयातून त्यांच्या निबंधावर मनाई आणली. तो निबंध छापला गेला तो दोन वर्षांनी, २०१५ मध्ये. आणि आज तर हातात मावणारी यंत्रे बाजारात आहेत. जे यंत्र हरवलेल्या किल्लीच्या जागी नवी करून देते, तेच चोराच्या हाती पडले तर तुमच्या दारातल्या मोटारीला त्याची ओळख पटवून देते. यंत्राला मालक आणि चोर यांतला फरक कळत नाही. तो फरक ज्याला कळतो, किंवा कळून घेण्याची ज्याची तयारी आहे, असा एकच पहारेकरी आता उरला आहे. तो म्हणजे पेटी न उघडता परत जाणारा माणूस. हे मनाशी आले आणि माझा राग उतरला.

धनत्रयोदशीला सकाळच्या एसटीने जुने मालक स्वतः शिरूरला आले. मूळ कागद, ओळखपत्र, संमतीचे चार ओळींचे पत्र. विद्यार्थ्याने सगळे पाहिले, वहीत नोंद केली, आमच्या दोघांच्या सह्या घेतल्या आणि मगच स्टेअरिंगखालच्या खाचेत आपल्या यंत्राची तार लावली. पडद्यावर अक्षरे उमटली. तो वळून म्हणाला, "गुरुजी, हिच्या पटावर दोन नावं आहेत."

"दोन कशी? किल्ली तर एकच होती."

जुने मालक ओशाळे झाले. दुसरी किल्ली कधीकाळी दुरुस्तीला गाडी दिली तेव्हा कुठेतरी राहिली असावी, असे त्यांना आता आठवले. म्हणजे सहा महिने माझ्या अंगणात उभी असलेली ही मोटार जगातल्या कुठल्यातरी अनोळखी खुंटीवरच्या किल्लीलाही तितक्याच आपुलकीने ओळखत होती! ती खुंटी कोणाची, हे आजही मला ठाऊक नाही.

"दोन्ही काढून टाकू," तो म्हणाला. गुप्त आकडा भरला. यंत्राने थोडा वेळ थांबायला सांगितले. मग जुना पट कोरा झाला. त्याने पहिली नवी किल्ली लावून फिरवली; तांबडा दिवा एकदा लागून विझला. दुसरी लावली, पुन्हा तसेच. "आता सेल मारा." मी सेल मारला आणि इंजिन पहिल्या हाकेला बोलले. मुलांनी आरोळी ठोकली. सासूबाईंनी मोटारीला हळदकुंकू वाहिले आणि त्या पोराच्या हातावर करंजी ठेवली.

"पटावर किती नावं बसतात रे?" मी विचारले.

"गाडीवर आहे. काहींत आठ बसतात. पण जास्त नावं ठेवू नयेत, गुरुजी. सांभाळायला जड."

पाडव्यानंतर पहिले काम केले ते मोटार नावावर करून घेण्याचे. दुसरी किल्ली आईच्या जुन्या डब्यात, घरातल्या सर्वांना ठाऊक अशा जागी ठेवली. मोटार चोरीला गेली तर विमेवाले दोन्ही किल्ल्या मागतात, हेही त्याच मुलाने सांगितले.

हरवलेली किल्ली तुळशीच्या लग्नाच्या सुमारास सापडली. पणत्यांच्या पिशवीच्या फाटक्या अस्तरात गेली होती. गंमत म्हणून नेऊन पाहिली. तिने दार उघडले, स्टेअरिंग मोकळे केले, सेलही फिरला. इंजिनाने मात्र अंग झाडले आणि तांबडा दिवा मिचमिचू लागला. दात सगळे शाबूत होते, पण पटावर नाव नव्हते.

वाचकहो, यंदा घर झाडताना जुन्या मोटारीच्या किल्ल्या आपण मोजालच. बरोबर एवढेही विचारून घ्या, की मोटारीच्या पटावर नावे किती आहेत. आकडा जुळला तर उत्तम. नाही जुळला, तर किल्ली करणारा असा गाठा, की जो आधी कागद मागेल आणि मग पेटी उघडील.